डाव्या बुटाचा पट्टा

खरं तर तुला फक्त किल्ली द्यायची होती. बोटहाऊसच्या मागच्या दाराची ही किल्ली, थोडी उचलून फिरवावी लागते, बस. सोमवारी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि डॉक्टर म्हणतो की पुढचे सहा आठवडे नदीचं नावही काढू नका. त्याला म्हटलं, बाबा रे, एकसष्ट वर्षांची बाई आहे मी, सहा आठवडे टीव्हीसमोर बसवलंस तर गुडघा बरा होईल पण डोकं जाईल. तो हसला. या डॉक्टरांना हसायला काय जातं.

पण किल्ली हातात ठेवून "ये लवकर" एवढंच सांगितलं असतं, तर तू आली नसतीस. साडेपाचला होडी सुटते तर मी पावणेपाचलाच कशाला तडमडू, असं तुला वाटलं असतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून बस जरा. तो दिवा इकडे ओढ. मंगळवारपासून तू आमच्या होडीत एक नंबरला बसणार आहेस, तेव्हा तुला हे माहीत असलेलं बरं. चाळिशीची असलीस तरी तू इथं नवी आहेस, आणि ही गोष्ट क्लबात आम्हा चौघांपलीकडे कोणी सांगत नाही. शेवटचा भाग तर त्या तिघांनाही ठाऊक नाही.

आमची होडी तू पाहिलीच आहेस. चार वल्हेकरी, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही, आणि मी कॉक्स. म्हणजे सुकाणू माझ्याकडे आणि आरडाओरडाही माझ्याकडे. दुसऱ्या होड्यांत कॉक्स शेपटाशी बसतो, सगळ्यांची तोंडं त्याला दिसतात. आमच्या होडीत मी नाकाशी उताणी पडते, डोकं तेवढं वर आणि नजर समोर नदीवर. चौघं माझ्या मागे, तेही माझ्याकडे पाठ करून बसलेले. वल्हवणारा माणूस कुठं चाललाय ते त्याला दिसत नसतंच. मला नदी दिसते पण माणसं दिसत नाहीत. त्यातही माझ्या डोक्यामागची पहिली जागा, तुझी, ती होडीतल्या कुणालाच दिसत नाही. माझी मान तिथवर वळत नाही आणि बाकीच्या तिघांच्या ती पाठीमागे असते.

म्हणून आमच्याकडे आकडे द्यायची पद्धत आहे. धक्क्यावरून निघताना, वाटेत थांबून पुन्हा निघताना, काही गडबड झाली तर सर्वात आधी, मी ओरडते, "आकडे द्या!" मग नाकाकडून सुरुवात. एक, दोन, तीन, चार. आवाज आला की माणूस जागेवर आहे आणि तयार आहे. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली. रोज दुपारी डेपोत शिरण्याआधी शेवटच्या बाकापर्यंत जाऊन मोजायचे. तीस वर्षांत माझ्या बसमध्ये एकही मूल मागे राहिलं नाही. त्या गोष्टीची मला भारी मिजास होती.

तेव्हा आमचे आकडे असे होते. एक म्हणजे ओडेट फस्को. दोन म्हणजे तिचा नवरा माउरो. तीन वेंडेल, कोर्टात कारकून होता, अजूनही कुजबुजत बोलतो. आणि चार फिलिस, जिला कुजबुजणं म्हणजे काय हे कोणी शिकवलंच नाही. शर्यती वगैरे आम्ही कधी मारल्या नाहीत. मंगळवार-गुरुवार दगडी रेल्वेपुलापर्यंत जायचं, परत यायचं आणि मग रिज रोडवरच्या डायनरमध्ये अंडी, स्क्रॅपलच्या तळलेल्या मांसवड्या आणि दुसऱ्यांच्या कुचाळक्या. दुसऱ्या होड्या आम्हाला 'न्याहारी मंडळ' म्हणतात, तो टोमणा आम्ही मानाने मिरवतो.

माउरो नळकाम करायचा. चाळीस वर्षं साऱ्या दक्षिण फिलाडेल्फियाच्या तळघरांत पालथा पडून काढलेली. अंगाला जवसाच्या तेलाचा वास यायचा, नळाच्या सांध्यांना लावायच्या त्या लुकणाचा. कितीही घासून आला तरी यायचाच. ओडेट म्हणायची, "अकरा वर्षं मंगळवार-गुरुवार मी नदी बघितलेलीच नाही. याची पाठ बघितलीये." त्यावर तो मागे न वळता म्हणायचा, "नदीपेक्षा रुंद आहे, तक्रार काय?"

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. आठवडाभर पाऊस पडून गेलेला, नदीला गढूळ फुगवटा आणि पाणी नुसतं बर्फ. त्या सकाळी माउरोचा खांदा धरला होता. एक नंबरला जोर थोडा कमी लागतो, म्हणून ओडेटनेच सुचवलं की आज जागा बदलू. फिलिस ओरडली, "लग्नात एवढी अदलाबदल केली असतीत तर पोरांना तुमची भांडणं ऐकावी लागली नसती!" माउरो माझ्या डोक्यामागे येऊन बसला. होडीत बूट पक्के बसवलेले असतात, आपण मोज्यांनिशी येऊन पाय आत सरकवायचे आणि वरचा पट्टा आवळायचा. ते बूट ओडेटच्या मापाचे. तो बिचारा पाय कोंबत होता आणि मी उताणी पडल्या पडल्या त्याचं पुटपुटणं ऐकत होते.

"बर्नी, ही बाई सिंड्रेला आहे का गं? यात माझा अंगठासुद्धा जात नाही."

"टाचेच्या दोऱ्या बघितल्यास का?" ओडेटने पुढून विचारलं. "डावी तुटलीये. महिना झाला, रविवारी बांधतो म्हणतोयस."

"रविवारी बांधतो," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

ती दोरी कशासाठी असते ते तुला शिकवलं असेल. होडी उलटली तर टाच खाली धरून ठेवते, म्हणजे पाय ओढला की बुटातून सुटतो. ओडेटचा पाय त्या बुटातून नुसता हिसका दिला तरी निघायचा, म्हणून महिनाभर कुणाला घाई नव्हती. मलाही नव्हती. निघण्याआधी दोऱ्या तपासणं हे कॉक्सचं काम असतं, हेही तुला शिकवलं असेल.

आकडे दिले. माउरोने मुद्दाम ओडेटसारखा बारीक आवाज काढून "एक" म्हटलं. निघालो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "अकरा वर्षांनी तुझी पाठ बघतोय. बरी आहे." ओडेट हसली असणार.

पुलाच्या अलीकडे धुकं इतकं दाट झालं की मला माझ्या होडीचं नाक दिसेना. तेव्हाच मागे फिरायला हवं होतं. पण पूल आलाच होता, पुलापर्यंत जायची सवय, आणि एवढं येऊन परत जायचं माझ्या जिवावर आलं. पाण्याखालून वाहत आलेला ओंडका मला दिसलाच नाही. आवाज झाला, होडी एका अंगावर गेली आणि मग सगळं पाणीच.

थंड पाण्यात पडलं की श्वास आत जातो आणि बाहेर यायचं विसरतो. मी वर आले ती उलट्या होडीच्या नाकाला धरून. धुक्यात हातभर अंतरावरचं काही दिसत नव्हतं. पलीकडच्या बाजूला कोणीतरी ठसकत होतं. मी जे करायला हवं तेच केलं. सगळा जीव गोळा करून ओरडले, "आकडे द्या!"

"एक!"

"दोन!"

"तीन…"

"चार! चार गं बाई, चार!" ती फिलिस.

चौघं. मी देवाचे आभार मानले. क्लबची लाँच आमच्या मागेच होती, इंजिनाचा आवाज जवळ येत होता. लाँचवाला धुक्यातून ओरडला, "सगळे आहात ना?" आणि मी उत्तर दिलं, "सगळे आहेत! सावकाश ये, कुणाला धडकू नकोस!"

सावकाश ये. मीच म्हणाले ते.

तो आला सावकाश. आधी फिलिसला वर घेतलं, मग वेंडेलला, मग ओडेटला. ओडेट लाँचमध्ये गुडघ्यांवर बसली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "माउरो कुठंय?" तोवर पाच-सहा मिनिटं गेली असतील. मग होडी सुलटी केली. तो तिथंच होता. उजवा पाय सुटला होता. डावा ओडेटच्या बुटात होता.

पुढचं सांगत नाही. ॲम्ब्युलन्स, धक्क्यावरचं ते पांघरूण, हे तुझ्या कल्पनेवर सोडते. क्लबने चौकशी केली, धुक्याला आणि ओंडक्याला दोष दिला. आम्ही तिघांनी सांगितलं की आकडे चारही आले होते. ओडेटने सांगितलं, "मी दोन म्हटलं. एक माउरोने म्हटलं. मी ऐकलं. नंतर त्याचा हात सुटला असणार, परत आत गेला असणार." ती त्या 'एक'ला धरून जगत होती. तो बोलला होता, तिच्याजवळ होता, एकटा नव्हता, एवढं तिला पुरत होतं. तिच्या चुलीशेजारी बसून मी हे वीस-पंचवीसदा तरी ऐकलं असेल, आणि दरवेळी मान डोलावली.

कारण मला काय माहीत होतं ते मी सांगितलं नव्हतं. लाँचची वाट बघत मी होडीच्या नाकाला कान लावून लटकले होते. आणि आतून आवाज आला होता. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. एकच. मला वाटलं वल्ह्याची मूठ आपटतेय. चारही आकडे आले होते ना! मोजणी पूर्ण झाली की माणूस ऐकायचं थांबवतो. मी तरी थांबवलं.

वर्ष गेलं. एप्रिल आला तसा ओडेटचा फोन आला. "एक जागा रिकामी ठेवून पुलापर्यंत जाऊ या, बर्निस. फुलं सोडू या." आपल्याकडे तशी पद्धत आहेच, गेलेल्या माणसाची जागा होडीत मोकळी ठेवायची. वेंडेलला वाटलं दोन नंबर मोकळा ठेवायचा, माउरोची जागा तीच की. ओडेट म्हणाली, "नाही. मी दोनला बसते. तो शेवटी जिथं बसला होता ती जागा मोकळी ठेवा."

म्हणजे माझ्या डोक्यामागची. कुणालाच न दिसणारी.

मी त्या पहाटे आधी जाऊन सगळं स्वतः बघितलं. दोन्ही टाचांना नवीन दोऱ्या, ओढून ओढून तपासल्या. बुटांचे पट्टे उघडून मागे दुमडून ठेवले. सरकती बैठक घरंगळू नये म्हणून वेंडेलने ती नाडीने बांधली आणि नाडीत ओडेटच्या अंगणातल्या पिवळ्या फोर्सिथियाची डहाळी खोवली. धुकं होतंच. मी म्हटलं, थांबू या का? ओडेट म्हणाली, "असंच हवंय."

"आकडे द्या," मी म्हटलं. आम्ही ठरवलं होतं की एकसाठी एक श्वास थांबायचं. थांबलो. पाणी धक्क्याला चाटत होतं, एवढाच आवाज. मग ओडेट म्हणाली, "दोन." मग तीन, मग चार. फिलिससुद्धा हळू बोलली.

अर्धी वाट नीट गेली. मग मला वास आला. आधी वाटलं नदीचाच, चिखल आणि गंजलेलं लोखंड, धुक्यात तो येतोच. पण त्याच्या आत दुसरा होता… जवसाच्या तेलाचा. मी मनाला म्हटलं, बर्निस, म्हातारी झालीस. आणि तेव्हाच मागे, अगदी डोक्याला लागून, बैठकीची चाकं सरकली. खर्र… आणि थांबली. पुढच्या वल्ह्याला पुन्हा, खर्र… सगळ्यांच्या तालात. मी स्वतःला समजावलं की नाडी सुटली असेल, होडी हलते तशी रिकामी बैठक हलतेच. ते खरंही आहे. पण रिकामी बैठक हलकी वाजते. ही भरल्यासारखी वाजत होती.

मान वळत नव्हती. वळली असती तरी मी वळवली नसती.

"वेंडेल," मी विचारलं, "नाडी घट्ट बांधली होतीस ना?"

"दुहेरी गाठ मारलीये," मागून त्याचा तो कुजबुजता आवाज. "का गं?"

"काही नाही."

पुलाखाली थांबलो. ओडेटने फुलं सोडली, ती थोडा वेळ होडीला चिकटून राहिली आणि मग गेली. कोणी रडलं नाही. मला वाटतं, रडण्यासाठी समोर कुणाचं तरी तोंड लागतं आणि त्या होडीत कुणालाच कुणाचं तोंड दिसत नव्हतं. गारठा वाढत होता. मी म्हटलं, निघू या. आणि सवयीने, ठरल्याप्रमाणे, "आकडे द्या."

एक श्वास थांबायचं होतं. पण त्याआधीच आवाज आला.

"एक… दोन."

दोन्ही ओडेटचेच. एकापाठोपाठ. पहिला अकरा वर्षांच्या सवयीचा आणि दुसरा चूक सुधारून म्हटलेला.

तीन आला नाही. चारही आला नाही. फिलिसच्या हातातलं वल्हं पाण्यावर आपटलं, तेवढंच.

"बर्निस," ओडेट म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही. "त्या दिवशी… मी असंच म्हटलं होतं का?"

मी होडीची कड पकडली.

"सांग ना गं. तू नाकाशी होतीस. सगळ्यांत जवळ तू होतीस. 'एक' कोण म्हणालं?"

आता 'माउरो' म्हटलं असतं तर संपलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण तिने स्वतःच्या कानांनी स्वतःला ऐकलं होतं. आता मी खोटं बोलले असते तर तिला ते कळलं असतं आणि मग तिच्याजवळ काहीच उरलं नसतं, मीसुद्धा नाही.

"बहुतेक तूच," मी म्हटलं. "पाण्यात सगळ्यांचे आवाज सारखेच वाटतात, ओडेट. पण बहुतेक दोन्ही तूच."

ती असा काही आवाज करून कण्हली की वेंडेल म्हणाला, "बर्नी, पुरे." पण मी आता थांबू शकत नव्हते. वर्षभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "तुझी चूक नाही. ऐक. दोष माझा आहे. त्याचा आवाज मी ऐकला होता. होडीच्या आतून. तो ठोकत होता आणि मी… मला वाटलं वल्हं आहे. मी लाँचला सावकाश ये म्हटलं."

होडी प्रवाहाबरोबर हळूहळू वाहत होती. मग ओडेटने विचारलं, अगदी शांतपणे, "किती वेळा ठोकलं?"

"एकदा. मग थांबून पुन्हा एकदा. दरवेळी एकच."

"एकच?"

"एकच."

"तो तळघरात असायचा ना," ती म्हणाली, "वर मी नळाशी उभी असायचे. नवीन नवीन लग्न झालेलं तेव्हा त्याच्याबरोबर कामावर जायचे मी. आवाज पोचायचा नाही, मग तो नळावर ठोकायचा. मी 'किती?' विचारलं की तेवढे ठोके…" मग म्हणाली, "आकडा दिला होता गं त्याने. तू मागितलास आणि त्याने दिला. एक. वाट बघत होता तुझी, तू मोजशील म्हणून."

पोरी, मी आयुष्यात पुष्कळ ऐकलंय. आईबापांच्या शिव्या ऐकल्या, नवऱ्याच्या ऐकल्या. पण 'वाट बघत होता तुझी' इतकं कुणी मला मारलेलं नाही.

"पुन्हा माग," ओडेट म्हणाली.

"ओडेट, घरी जाऊ या…"

"पुन्हा माग आकडे. मी तोंडावर हात धरते."

मी डोळे मिटून घेतले. "आकडे… द्या."

एक श्वास. दुसरा. पुलावरून पाणी ठिबकत होतं. जवसाच्या तेलाचा वास इतका दाट झाला की जिभेवर आला.

ठक.

माझ्या कानाखाली. पाण्याच्या बाजूने नाही, आतून.

"दोन," ओडेट म्हणाली. ती रडत होती पण आवाज स्वच्छ होता.

"तीन," वेंडेल.

"चार," फिलिस म्हणाली, आणि मग, "देवा, देवा, देवा…" धक्का येईपर्यंत ती तेवढंच म्हणत होती.

येताना मी मागचं काही ऐकायचं नाही असं ठरवलं आणि सगळं ऐकलं. खर्र… खर्र… चौघांच्या तालात. होडी नाकाशी जड झाली होती, दोन बोटं खाली. माझ्या पाठीला पाणी जाणवत होतं.

धक्क्याला लागलो. उतरतानाही आम्ही आकड्यांनीच उतरतो, आधी एकला बाहेर बोलवायचं. मी ओठ आवळून पडून राहिले. ओडेट म्हणाली, "बोलाव त्याला. त्या दिवशी त्याला बाहेर कुणी बोलावलंच नाही."

"एक," मी म्हटलं, "बाहेर ये."

काही झालं नाही. होडी तशीच जड.

ओडेट आपल्या जागेवरून उठली, धक्क्यावर उतरली, गुडघे टेकून एक नंबरच्या जागेवर वाकली. आता मलाही बाहेर निघावं लागलं, आणि बघावं लागलं. बैठक नाडीने बांधलेली होती. दुहेरी गाठ जशीच्या तशी, डहाळी जागेवर. फक्त बूट… मी ज्यांचे पट्टे उघडून मागे दुमडले होते, त्या दोन्ही बुटांचे पट्टे आवळून बसवलेले होते. आतमध्ये पाय असावा तितके घट्ट.

"अरे वेड्या," ओडेट म्हणाली, मुलाशी बोलावं तशी. "अडकलास होय. थांब." तिने उजवा पट्टा उघडला. मग डावा. नखं मोडली तिची तो उघडताना. आणि डाव्या बुटाची जीभ बाहेर ओढून ती म्हणाली, "ये आता."

होडीचं नाक वर आलं. दोन बोटं. सावकाश, कुणी जड माणूस जपून उतरावा तसं.

ओडेट तिथंच बसून राहिली. धक्क्याच्या फळ्यांवर तिने हात पसरून ठेवला होता. मग उठली, बोटहाऊसचं दार उघडलं आणि ते जरा जास्तच वेळ धरून उभी राहिली. त्या दिवसापासून ती झोपू लागली. खाऊ लागली. परत होडीत दोन नंबरला येऊन बसू लागली. मला म्हणाली, "तुझ्यावर राग आहे, बर्निस. मरेपर्यंत राहील. पण त्याला बाहेर तू बोलावलंस." तेवढ्यावर आमची मैत्री चालू आहे, आणि मला ते पुष्कळ आहे.

वेंडेलला आणि फिलिसला वाटतं गोष्ट इथं संपली. ओडेटलाही तेच वाटतं.

पुढच्याच मंगळवारी मी लवकर आले होते. होडी घडवंचीवर कोरडी ठणठणीत, उलटी ठेवलेली. दोऱ्या तपासायला खाली वाकले. आता मी रोज तपासते, त्यासाठी कुणाला मरावं लागतं हे वाईट आहे. उजवा बूट उघडा होता. डाव्याचा पट्टा लावलेला होता. घट्ट. मी तो उघडला तर आतून पाणी सांडलं, उलट्या टांगलेल्या बुटातून, थंडगार. वास नदीचा.

मी पुसून घेतलं आणि कुणाला काही बोलले नाही. गुरुवारी पुन्हा तेच. तेव्हापासून दर मंगळवारी, दर गुरुवारी. हिवाळ्यात होडी चार महिने आत बंद असते तेव्हाही मी येते, आणि तेव्हाही तेच. बूट बदलून पाहिले, दोनदा. मी पट्टा उघडते, पाणी पुसते, आणि हळूच म्हणते, "एक, बाहेर ये." दार उघडून धरते. जेवढा वेळ धरवतं तेवढा.

ओडेट सव्वापाचला येते. तिला हे दिसता कामा नये. तिला वाटतं तो सुटला, आणि एकदा मी तिच्यापासून लपवलं ते चूक होतं हे मला कळतं, पण हे मी लपवणार. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

म्हणून पावणेपाच. कळलं? सहा आठवडे. कापड त्या खणात आहे. नवीन कॉक्सने आकडे मागितले की लगेच बोलू नकोस, एक श्वास थांब, मग बोल. कॉक्स ओरडला तर ओरडू दे.

आणि हे बघ, घाबरवत नाहीये, पण सांगून ठेवते. आज दुपारी मी तुझ्या मापाचे नवे बूट बसवले. पट्टे उघडे ठेवले, तू समोरच होतीस. मघाशी दिवा आणायला मी आत गेले तेव्हा त्या बुटांवरून हात फिरवला. डावा लागलेला आहे. तो मंगळवार सकाळपर्यंत थांबला नाही.

चल, ऊठ. मी दार धरते. आजचा तू उघड.